सर्पमित्राची परीक्षा

पावसाळा तोंडावर आला की आपल्या शिवारात साप दिसू लागतात. जळगावजवळच्या असोद्याभोवती केळी आणि कपाशी. तिथे उंदीर, आणि उंदरांमागे साप. जळगाव शहरही शेतांकडे सरकत चालले आहे. काल बांध होता तिथे आज कोणाचे तरी स्वयंपाकघर आहे. घरात साप निघाला की फोन जातो सर्पमित्राला, आणि धावत येतो बहुधा विशीतला, कधी त्याहूनही लहान मुलगा. त्याचे उपकार मोठेच आहेत. तरीही माझे म्हणणे असे आहे की, त्याच्या हाती साप पकडायचा हूक येण्याआधी त्याने रीतसर प्रशिक्षण घेऊन परीक्षा दिलेली असावी, आणि त्या परीक्षेचा मोठा भाग साप पकडण्याविषयी नसावा.

आधी कायदा पाहू. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, हे आपण जाणतो. पण त्या कायद्याच्या व्याख्येत जनावर मारणे ही जशी शिकार, तसे ते पकडणे हीदेखील शिकारच. म्हणजे हेतू कितीही चांगला असला, तरी वनखात्याच्या परवानगीवाचून नाग पिशवीत घालणारा मुलगा अडचणीत येऊ शकतो. जिथे शिकारीला मुभा आहे, तिथे तरुणांना आधी शिकवतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने 1949 मध्येच तरुण शिकाऱ्यांना सुरक्षेचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. जर्मनीत लेखी, तोंडी आणि नेमबाजीची परीक्षा दिल्याशिवाय परवाना नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने शिकारीला जायचे ते जाणत्याच्या सोबतीनेच. आपल्याकडेही 2016 च्या शस्त्र नियमांनी बंदुकीचा परवाना मागणाऱ्याला सुरक्षा-प्रशिक्षण घ्यायला लावले. बंदुकीला शिक्षण लागते आणि जिवंत घोणशीला लागत नाही, ही विसंगती आपण किती दिवस चालवणार?

धोका किती, तेही पाहा. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले आहेत. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते, घोणस आणि फुरसे यांचे रक्त गोठण्यावर. आपल्याकडचे प्रतिविष याच चौघांसाठी बनते, आणि ते इस्पितळातच मिळते. अशा जनावराशी गाठ असताना नुसता अनुभव पुरत नाही. केरळचे वावा सुरेश यांनी हजारो साप पकडले होते. जानेवारी 2022 मध्ये नाग पोत्यात घालताना त्यांनाच दंश झाला आणि ते मरणाच्या दारातून परतले. हात सरावला की माणूस पद्धत सोडतो. म्हणूनच प्रमाणपत्र एकदा देऊन भागणार नाही, ठरावीक मुदतीने त्याची उजळणी हवी.

महाराष्ट्रात या कामाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत नीलिमकुमार खैरे यांचे नाव अग्रभागी आहे. 1980 मध्ये पुण्यात ते 72 विषारी सापांसोबत 72 तास राहिले, तेव्हा डिवचल्याशिवाय साप चावत नाही हे लोकांना दाखवायचे होते. आज फणा चेहऱ्यासमोर धरून मोबाइलवर रील काढणाऱ्याला तसले काही सांगायचे नसते; त्याला टाळ्या हव्या असतात. तेव्हा परीक्षेत विचारायचे ते असे : साप लांबून ओळखता येतो का? हात न लावता हूक, नळी आणि पिशवी वापरता येते का? गर्दी मागे हटवता येते का? साप जवळच्याच सुरक्षित जागी सोडून नोंद ठेवता येते का? दंश झालेल्याला चिरा न देता, आवळून न बांधता थेट इस्पितळात पोचवता येते का? आणि शेतातल्या सापाला हात लावायचे कारण नाही, हे कळते का? अठरा वर्षांखालच्यांनी यातली ओळख आणि प्रथमोपचार एवढेच शिकावे.

यावर एक आक्षेप येईल : नियम आले तर मध्यरात्री कोण येईल? लोक साप मारू लागतील. शंका रास्त आहे, पण केरळने ती खोटी ठरवली. तिथे 2020 मध्ये उत्रा या तरुणीच्या खुनाच्या तपासात, पतीने साप पकडणाऱ्याकडून विकत घेतलेला नाग तिच्या खुनासाठी वापरल्याचे उघड झाले. त्याच वर्षी तिथल्या वनखात्याने प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राची पद्धत घातली. पुढे 'सर्प' ॲपवरून जवळचा प्रमाणित माणूस सापडू लागला. नियमाने मदत आटली नाही, उलट ती कोणाकडे मागायची हे लोकांना कळले. दुसरा आक्षेप असा की, आदिवासींचे पिढीजात ज्ञान कागदावर मोजता येत नाही. खरे आहे. पण तमिळनाडूतील इरुळांकडे पाहा. सापांच्या कातडीचा धंदा बंद पडल्यावर 1978 मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ते परवान्याने साप पकडतात, विष काढतात आणि साप पुन्हा सोडतात. परवान्याने त्यांची विद्या हिरावली नाही, तिला कायद्याचे संरक्षण मिळाले.

सर्पमित्रांना ओळखपत्र आणि दहा लाखांचा अपघात विमा देण्याची घोषणा 2025 मध्ये आपल्या सरकारने केली. स्वागत आहे; पण ओळखपत्र परीक्षेनंतर मिळावे, आधी नव्हे. वनखात्याने दर उन्हाळ्यात तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षण द्यावे, ग्रामपंचायतीने प्रमाणित सर्पमित्रांची नावे फलकावर लावावीत, आणि आपण त्यांनाच बोलवावे. गावाने परीक्षा मागितली नाही, तर ती कोणी देणार नाही.