विभागाचं पान कुणासाठी?



जून उजाडला की विद्यापीठांच्या वेबसाइटवर गर्दी उसळते. बी.एस्सी. झालेली एखादी मुलगी मोबाइलवर रसायनशास्त्र विभागाचं पान उघडते. तिचे प्रश्न साधे असतात. एम.एस्सी.ला जागा किती, फी किती, अर्जाची शेवटची तारीख कोणती, वसतिगृह मिळेल का आणि अडलं तर फोन कुणाला करायचा? तिच्यासमोर येतात ती इमारतीची सरकती छायाचित्रं, मग विभागप्रमुखांचं मनोगत, मग ध्येय आणि उद्दिष्टं. फीचा आकडा असतो, नाही असं नाही. पण तो कुठल्यातरी पीडीएफच्या पोटात.

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. रँडल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकारानं २०१० साली ‘एक्सकेसीडी’ या आपल्या चित्रमालिकेत एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं काढली. एकात विद्यापीठाच्या पहिल्या पानावर असणाऱ्या गोष्टी, दुसऱ्यात लोक तिथे जे शोधायला येतात ते. दोन्हीकडे सापडणारी गोष्ट एकच होती: संस्थेचं पूर्ण नाव!

आपल्याकडचं कारण मला स्पष्ट दिसतं. पान लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विद्यार्थी नसतोच, नॅकची, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची, समिती असते. भेटीची तारीख ठरली की अहवाल, छायाचित्रं, सत्कार सगळं धडाधड चढवलं जातं. समिती गेली की पान पुढच्या फेरीपर्यंत निपचित. भाषाही समितीला शोभेलशी. ‘विभाग विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध आहे.’ बरं, मग? त्यापेक्षा प्रयोगशाळेत कोणती उपकरणं आहेत, कोणते प्राध्यापक कशावर संशोधन करतात, त्यांच्याकडे पीएच.डी.ची जागा रिकामी आहे का, हे लिहा. समितीलाही तेच वाचायला आवडेल.

आता जरा थांबून बोलायला हवं ते स्कॅन केलेल्या परिपत्रकांबद्दल. कार्यालयात नोटीस टाइप होते, छापली जाते, तिच्यावर सही-शिक्का होतो, मग ती स्कॅन होऊन, बहुधा थोडी तिरपी, वेबसाइटवर जाते. म्हणजे अक्षरांचा फोटो. तो गूगलला धड सापडत नाही आणि मोबाइलवर बोटांनी ताणून वाचावा लागतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याची अवस्था तर त्याहून वाईट. त्याच्यासाठी पान वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर असतात. एनव्हीडीए हे मोफत मिळणारं सॉफ्टवेअर २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या दृष्टिहीन तरुणानं सुरू केलं. ते मराठीही वाचतं. पण अक्षरांच्या फोटोपुढे ते बहुधा गप्प बसतं. आणि पानावर वीस दुवे असतील अन् प्रत्येकावर ‘येथे क्लिक करा’ असंच लिहिलेलं असेल, तर त्याला वीसदा तेवढंच ऐकू येतं. कुठे क्लिक केल्यावर काय मिळेल, ते दुव्यातच लिहावं: ‘एम.एस्सी. प्रवेशाचं वेळापत्रक’. 

स्कॅनचं आणखी एक मूळ जुन्या फॉन्टमध्ये आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांची रांग होऊन बसतो, म्हणून फोटोच बरा असं वाटायचं. पण कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोड या अक्षरसंकेतात देवनागरी १९९१ पासून आहे. सहीची प्रत हवी तर खुशाल जोडा, मजकूर मात्र युनिकोडमध्ये पानावरच द्या. आणि मराठीत द्या. माहितीचा अधिकार कायदा, २००५, याच्या चौथ्या कलमात सार्वजनिक संस्थांनी आपणहून माहिती जाहीर करताना स्थानिक भाषेचा विचार करावा असं म्हटलंच आहे.

तारखांबद्दल थोडक्यात. प्रत्येक सूचनेवर तारीख हवी आणि मुदत संपलेली सूचना जुन्या सूचनांत हलवायला हवी. तीन वर्षांपूर्वीच्या परिपत्रकाशेजारी लाल ‘नवीन’ अजून लुकलुकत असेल, तर यंदाच्या तारखेवर तरी कोण विश्वास ठेवील?

वेबपानांचे पत्ते जपण्याचीही गोष्ट आहे. वेब जन्मला तोच मुळी विद्यापीठांतल्या आणि संशोधनसंस्थांतल्या शास्त्रज्ञांसाठी. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत त्याचा प्रस्ताव मांडला. जगातली पहिली वेबसाइट तिथलीच. २०१३ साली सर्ननं ती जुन्या पत्त्यावर पुन्हा उभी केली. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं आणि दुवे, बस्स. आपल्याकडे वेबसाइटचं काम नव्या ठेकेदाराकडे गेलं की जुने सगळे दुवे मरतात आणि माहितीपुस्तिकेत छापलेला पत्ता कुठेच नेत नाही.

विभागाला एक सोपी चाचणी करता येईल. विद्यापीठाशी संबंध नसलेल्या कुणाच्या तरी हातात मोबाइल द्या आणि फी शोधायला सांगा. जेकब नीलसन या अभ्यासकानं २००० साली लिहिलं की अशी पाच माणसं पुरतात, बहुतेक दोष तेवढ्यात उघडे पडतात. अट एवढीच, की शेजारी बसलेल्या प्राध्यापकानं मध्येच उत्तर सांगायचं नाही.