देवळाच्या वाटेवरील दुकाने



तोक्यो शहराच्या आसाकुसा भागात सेन्सो-जी हे अवलोकितेश्वराचे मंदिर आहे. जपानी लोक या बोधिसत्त्वाला कान्नोन म्हणतात. इ. स. ६२८ मध्ये सुमिदा नदीत मासे धरणाऱ्या दोघा भावांच्या जाळ्यात त्याची मूर्ती आली, अशी आख्यायिका आहे.

प्रचंड तांबडा कंदील टांगलेल्या कामिनारीमोन या द्वारातून आत शिरले, की देवळाकडे जाणारी सुमारे अडीचशे मीटर लांबीची सरळ वाट लागते. तिच्या दुतर्फा जवळजवळ नव्वद चिमुकली दुकाने आहेत. हीच नाकामिसे. येथे पंखे, फण्या, तांदळाच्या लाह्यांच्या पाकातल्या वड्या आणि साच्यात भाजलेले, गोड पुरण भरलेले खाऊचे पदार्थ विकले जातात. पुढे धूपपात्राभोवती भाविक धूर ओंजळीने अंगावर घेताना दिसतात.

देवाच्या दारी हा बाजार कशासाठी, अशी शंका पाहुण्याच्या मनात येते. तिचे उत्तर इतिहासात आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून परिसरातील रहिवाशांना येथे दुकान मांडण्याची मुभा मिळू लागली. मोबदल्यात त्यांनी मंदिराचे आवार झाडून स्वच्छ ठेवावयाचे होते. म्हणजे येथील व्यापाराचा हक्क सेवेतून जन्मला.

या वाटेने आघातही पुष्कळ सोसले. १८८५ साली प्रशासनाने दुकानदारांना उठविले व त्याच वर्षाअखेर विटांची नवी दुकाने बांधली. १९२३ च्या भूकंपात ती नष्ट झाली. १९२५ मध्ये सिमेंट-काँक्रीटची उभी राहिली. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात मुख्य मंदिर जळाले. ते १९५८ साली पुन्हा बांधले गेले. आज आपण पाहतो त्या भिंती प्राचीन नाहीत. प्राचीन आहे ते देऊळ आणि दुकानदार यांचे परस्परांशी असलेले नाते.

या नात्याचीच नवी कसोटी २०१७ साली लागली. दुकानांच्या इमारती प्रशासनाकडून मंदिराच्या मालकीच्या झाल्या आणि भाडे टप्प्याटप्प्याने अनेक पटींनी वाढविण्याचा प्रस्ताव पुढे आला. जुने भाडे आसपासच्या मानाने फारच कमी होते, हे खरे. पण लाह्यांच्या वड्या विकून जगणाऱ्या छोट्या दुकानदारास वाढीव भाडे जड जावे, हेही तितकेच खरे.

भूकंपात पडलेली भिंत पुन्हा उभारता येते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या येथे बसणारा दुकानदार एकदा उठला, की त्याच्या जागी कोणास बसवावयाचे? जुन्या वाटांविषयी आस्था बाळगणाऱ्या प्रत्येकाने स्वतःस हा प्रश्न विचारावा, एवढीच माझी विनंती आहे.