पडद्यावरील कुस्ती आणि बालमन



दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक कुस्ती मुलांनी पाहावी काय, हा प्रश्न बहुतेक घरांत एका वाक्यात निकाली निघतो : "ते सगळे खोटेच असते." हे उत्तर अर्धे खरे आहे, धोका उरलेल्या अर्ध्यात आहे.

या लढतींचा निकाल आधी ठरलेला असतो, हे आता गुपित नाही. आज डब्ल्यूडब्ल्यूई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीनेच १९८९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे तसे मान्य केले. आपला कार्यक्रम करमणूक समजावा आणि क्रीडाविषयक नियमांतून सूट मिळावी, हा त्यामागील हेतू होता.

परंतु निकाल ठरलेला असला, तरी पडणारे शरीर खरे असते. ऑगस्ट १९९७ मध्ये डोके खाली धरून आपटण्याच्या एका डावात स्टीव्ह ऑस्टिन या नामांकित मल्लाच्या मानेला गंभीर इजा झाली. दि. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटी येथे ओवेन हार्ट हा मल्ल छताजवळून खाली सोडला जात असताना कोसळला आणि मृत्यू पावला. हा करमणुकीचा भाग नाही, असे समालोचकाला दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना मुद्दाम सांगावे लागले. प्रौढांनाही जेथे असे सांगावे लागते, तेथे सात-आठ वर्षांच्या बालकाने खऱ्या-खोट्याची निवड कशी करावी?

वस्त्राची पारख करणारा त्याची उलटी बाजूही पाहतो. बालकाला या खेळाची उलटी बाजू दिसतच नाही. फळ्यांवर अंथरलेली गादी, उचलले जाताना प्रतिस्पर्ध्याने स्वतःच घेतलेली उडी, हनुवटी छातीशी घेऊन पाठीवर पडण्याचा दीर्घ सराव, यांपैकी काहीच त्याला ठाऊक नसते. मनुष्य आपटला आणि क्षणात उठला, एवढेच तो पाहतो आणि तोच डाव घरातील फरशीवर धाकट्या भावंडावर करून बघतो. घरी असे करू नका, ही सूचना कंपनी देते खरी. परंतु बालकाच्या मनात सूचनेपेक्षा दृश्य अधिक काळ राहते. शिवाय पाठीमागून खुर्ची मारणाऱ्याला आणि पराभूताची विटंबना करणाऱ्यालाही तेथे टाळ्या मिळतात. हा संस्कार दुखापतीइतका लवकर उघड होत नाही, एवढेच.

न्यायाने बोलायचे तर कंपनीने काही सुधारणाही केल्या. २००८ पासून अमेरिकेत या कार्यक्रमांना पालकांच्या मार्गदर्शनाची श्रेणी लागली आणि २०१० मध्ये डोक्यावर खुर्ची मारण्यास बंदी आली. परंतु त्या श्रेणीत पालक शेजारी बसलेले आहेत, असे गृहीत धरलेले असते. भारतात एप्रिल २०२५ पासून हे कार्यक्रम नेटफ्लिक्सवर दिसू लागले. बैठकीच्या खोलीतील पडदा आता मुलाच्या हातातील फोनवर आला आणि शेजारचे आसन रिकामे झाले.

म्हणून लहान मुलांना हे कार्यक्रम दाखवू नयेत, हेच इष्ट. जाणत्या वयाच्या मुलाने पाहिलेच, तर वडीलधाऱ्यांनी सोबत बसावे आणि तो डाव कसा रचला जातो, हे समजावून सांगावे. केवळ बंदी घातली की मूल शेजारच्या घरी जाऊन पाहते.

शक्तीचे आकर्षण हा काही बालकाचा दोष नव्हे. त्याला योग्य वाट मात्र हवी, आणि ती महाराष्ट्रात दूर शोधावी लागत नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. तालमीत वस्तादाच्या नजरेखाली मूल आधी पडायला शिकते, मग पाडायला. आणि प्रतिस्पर्धी चीतपट झाला की हात तेथेच थांबतात. हात कोठे थांबवावा, हे ज्या खेळात शिकविले जाते, तो खेळ मुलांपुढे ठेवावा, एवढीच पालकांना नम्र विनंती.