नवा रंग, जुनी गळती

आज कोडिंग नाही, आज लीक. मेमरी लीक नव्हे, खरीखुरी, छतातून टपटपणारी.

पुण्यात रीसेल फ्लॅट घेतला, सगळ्यात वरचा मजला. फेब्रुवारीत ताबा. घराला ताजा रंग, बेडरूमला कोरं करकरीत फॉल्स सीलिंग. जूनमध्ये त्याच सीलिंगवर चहाच्या डागासारखं वर्तुळ उमटलं. बोर्ड उतरवला तर स्लॅबचं प्लास्टर पडलेलं, सळ्या उघड्या आणि गंजलेल्या. हे काय एका पावसाचं काम आहे?

जुन्या मालकांना फोन केला. "नऊ वर्षं राहिलो, थेंब नाही पडला हो!" वर, "करारात 'आहे त्या स्थितीत' लिहिलंय ना?"

अशा वेळी भांडत बसायचं नाही, लॉग्ज बघायचे. सोसायटीत पत्रांचं आवक रजिस्टर असतं. सेक्रेटरी काकांना रीतसर अर्ज दिला. त्यात सापडली जुन्या मालकांचीच दोन पत्रं: टेरेसमधून बेडरूममध्ये पाणी येतंय, दुरुस्ती करा. तारखेसकट, सहीसकट!

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५. विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष त्यानं सांगायलाच हवा. नाही सांगितला तर कायदा त्याला सरळ फसवणूक म्हणतो. अडचण एकच, त्याला माहीत होतं हे दाखवायचं आपण. माझ्याकडे आता पत्रं होती. आणि हो, रेरा इथे कामाचा नाही. त्यातली ५ वर्षांची दोषदुरुस्ती बिल्डरवर असते, जुन्या मालकावर नाही.

टेरेसचा खर्च मात्र त्यांच्याकडे मागितला नाही. आदर्श उपविधींप्रमाणे छताची गळती सोसायटीनं बघायची असते, म्हणून कमिटीला वेगळं पत्र. बाकीच्यासाठी वकीलताईंनी नोटीस धाडली. सोबत त्या पत्रांच्या प्रती, फोटो आणि काम सुरू करण्याआधी घेतलेला इंजिनिअरचा रिपोर्ट.

अकराव्या दिवशी फोन आला. आवाज तसाच गोड. "कोर्टकचेरी कशाला, मिटवून टाकू." सीलिंग, रंग आणि फुगलेलं कपाट, एवढ्याचा चेक मिळाला, तडजोड लेखी झाली.

तुमच्यापैकी कुणी रीसेल बघत असेल तर टोकन देण्याआधी मालकांनाच सांगा, सोसायटीकडची गळतीची पत्रं दाखवा म्हणून. त्यांचा चेहरा बघत राहा.

टेरेसचा कोबा दिवाळीनंतर फोडणार म्हणे. तोवर वर निळी ताडपत्री, आणि खाली बेडशेजारी बादली आहेच.