टाकीचा रंग



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी वेदान्तावर बोलावे आणि मी पेट्रोलच्या टाकीवर, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. पण 2024 साली अहिल्यानगर झालेल्या या गावाचे यंत्राशी नाते जुने आहे. येथे चिलखती दलाचे केंद्र आहे, रणगाड्यांचे संग्रहालय आहे. 1972 साली निघालेली 'लूना' कायनेटिकच्या येथल्याच कारखान्यात तयार होत असे. तेव्हा जुन्या मोटारसायकलीचा विषय येथे अगदीच परका नाही.

वडिलांची बुलेट किंवा जावा अडगळीतून बाहेर निघाली, की मुलगा प्रथम रंगाऱ्याकडे धावतो. माझे म्हणणे असे, की रंग हे शेवटचे काम आहे. आधी टाकीच्या पोटात पाहावे.

रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीहून अधिक घातक! पेट्रोल जळते म्हणजे त्याची हवेत मिसळलेली वाफ जळते. शंभर भागांत दीड भागापासून साडेसात भागांपर्यंत वाफ असली, की ठिणगीचाच काय तो अवकाश. टाकी उपडी केली तरी सांध्यांत पेट्रोल राहतेच. म्हणून छिद्राला डाग देण्यापूर्वी ती साबणाच्या गरम पाण्याने पुनःपुन्हा धुवावी आणि हे काम जाणत्याकडेच सोपवावे. येथे घाई केली तर प्राणाशी गाठ आहे.

दुसरा शत्रू गंज. आपला जिल्हा उसाचा. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याला पाऊणशे वर्षे झाली. आज त्याच उसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये शेकडा 20 पर्यंत मिसळतात. शेतकऱ्याला त्याचा लाभ आहे. पण इथेनॉल ओलावा ओढून घेते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली, तर पाणी तळाशी बसते आणि पत्रा आतून खाते. वरून आरशासारखा रंग आणि आतून चाळणी, अशा टाकीचा काय उपयोग? गंज फॉस्फरिक आम्लाने काढावा, टाकी धुवावी आणि लगेच वाळवावी.

मग रंग. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा, तोंडाला फडके नव्हे, चांगला मुखवटा बांधावा. पोचे काढावेत, अस्तर द्यावे, लांबी पातळ भरावी. लष्करी गावात लष्करी हिरव्या रंगाचा मोह होतो. पण 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 121 प्रमाणे तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील वाहनांना वेगळी नोंदणी दिली, तीही गाडी मूळ रूपात असेल तरच.

आणि मूळ रंग शाबूत असेल तर? तर, श्रोतेहो, त्याला हात लावू नये. मद्रासेत 1955 पासून बुलेट होऊ लागली. तिच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा कारागिराने कुंचल्याने ओढलेल्या. गुडघ्यांनी झिजलेला तो रंग म्हणजे गाडीची कुंडली आहे. नवा रंग केव्हाही देता येतो. जुना एकदा खरवडला की परत येत नाही.

जपणे आणि नटविणे यांतला हा भेद मंदिरांना, वाड्यांना आणि किल्ल्यांनाही लागू आहे.