नवा भाग बसविल्यावर संगणक बंद पडतो तेव्हा
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



आजचा विषय थोडा रुक्ष वाटेल; परंतु आपल्या शाळेच्या व्यवहाराशी त्याचा निकटचा संबंध आहे. खेड्यातील शाळेत कित्येकदा एकच संगणक असतो आणि मुलांच्या नोंदी व गुणपत्रके त्यातच असतात. तो मंद चालतो म्हणून आपण रॅमची नवी पट्टी बसवितो किंवा नवा प्रिंटर जोडतो; आणि लगेच पडदा निळा होऊन यंत्र मध्येच थांबू लागते. मग ‘संगणक बिघडला’ असा शेरा बसून तो कपाटात जातो व मुलांचा अभ्यास खुंटतो. हा निकाल पुष्कळदा घाईचा असतो.

असे प्रसंग जाणत्यांवरही येतात. १९९८ च्या एप्रिलमध्ये शिकागो येथील कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालले होते. सहकाऱ्याने स्कॅनर जोडला आणि भरसभेत निळा पडदा झळकला. गंभीर दोष आढळताच पुढील हानी टळावी म्हणून प्रणाली स्वतःच काम थांबविते, हा त्या पडद्याचा अर्थ. त्यावरील संकेत वहीत उतरून घ्यावा.

आता उपायांचा क्रम पाहू. यंत्र थोडा वेळ तरी चालत असेल, तर सर्वांत आधी महत्त्वाच्या नोंदींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. यंत्र हमीच्या मुदतीत असेल, तर ते न उघडता विक्रेत्याकडे न्यावे.

यंत्र उघडावयाचे झाल्यास ते बंद करून वीजेची तार काढावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. अंगावरील स्थिर विजेने नाजूक भाग निकामी होतात. पॉवर सप्लायची पेटी मात्र कदापि उघडू नये. तार काढल्यानंतरही तिच्यात वीज साठून राहते.

नंतर नवा भाग काढून यंत्र पूर्ववत चालवून पाहावे. ते सुरळीत चालले, तर दोष त्या भागात, त्याच्या बैठकीत, त्याच्या ड्रायव्हरमध्ये किंवा वाढलेल्या वीजभारात शोधावा. तरीही ते थांबत असेल, तर भाग बसविताना दुसरी एखादी तार ढिली झाली काय, पंखा फिरतो काय, हे तपासावे.

रॅमच्या बाबतीत जात जुळली पाहिजे. डीडीआर ३ ची पट्टी १.५ व्होल्टवर, तर डीडीआर ४ ची १.२ व्होल्टवर चालते. दोहोंच्या खाचांच्या जागाही भिन्न आहेत, म्हणून जोर करू नये. पट्टी योग्य असेल, तर ती काढून पुन्हा नीट दाबून बसवावी. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. न भागल्यास एका वेळी एकच पट्टी, एकाच स्लॉटमध्ये, अशी परीक्षा घ्यावी. एकच पट्टी सर्व स्लॉटांत अडली तर पट्टी सदोष. सर्व पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये अडल्या तर स्लॉट सदोष. विंडोजमध्येच स्मृतीची चाचणी घेण्याची सोय आहे, तीही वापरावी.

प्रिंटर किंवा कार्ड जोडल्यावर त्रास सुरू झाला, तर ड्रायव्हरवर संशय घ्यावा. सेफ मोडमध्ये केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर चालतात. तेथे यंत्र स्थिर राहिले, तर नवा ड्रायव्हर काढून उत्पादकाचा योग्य ड्रायव्हर घालावा. जड काम देताच यंत्र बंद पडत असेल, तर पॉवर सप्लायची वॅट-क्षमता अपुरी नाही ना, किंवा यंत्र फार तापत नाही ना, हे पाहावे.

या सर्वांचे सूत्र एकच : एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम लिहून ठेवावा. दोन बदल एकदम केले, तर दोष कशाने गेला हे कळत नाही, आणि तो परत आला म्हणजे पुन्हा अंधारात चाचपडावे लागते. हीच रीत वरच्या वर्गातील मुलांसमोर मोठ्याने बोलत आचरावी. कार्यकारणभावाचा पाठ त्यांना आपोआप मिळेल. संगणकाशेजारी एक नोंदवही टांगून ठेवावी. आपली बदली झाली, तरी मागून येणाऱ्या शिक्षकाला ती मार्ग दाखवील, आणि शाळेचा एकुलता संगणक विनाकारण कपाटात जाणार नाही.