तरतें विद्यापीठ : पात्रता आणि खर्च

सन १८८३ च्या एप्रिलांत आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या, तेव्हां ती बोट त्यांच्या दृष्टीनें केवळ वाट होती. शाळा पलीकडल्या तीरावर, फिलाडेल्फियास होती. मधले जलप्रवासाचे दिवस कसेबसे काढावयाचे होते. पुढें परदेशीं शिकावयास गेलेल्या पिढ्यांनींहि बोटीकडे याच दृष्टीनें पाहिलें. परंतु वाटच शाळा झाली तर? वर्ग, ग्रंथालय, अध्यापक आणि विद्यार्थी हीं सारीं एकाच जहाजावर घालून तें जगाभोंवतीं फिरविलें तर? ही कल्पना अनेकदां अमलांत आली, कांहीं वेळां फसली, आणि अजूनहि जिवंत आहे. पदवीधर मुलामुलींच्या घरीं अशा सफरीची गोष्ट निघाली म्हणजे वडील मंडळी दोनच प्रश्न पुसतात : प्रवेश कोणास मिळतो, आणि खर्च किती येतो? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांचीं उत्तरें समजण्यास थोडा मागील इतिहास ठाऊक असावा लागतो.

न्यूयॉर्क विद्यापीठांत मानसशास्त्र शिकविणारे प्राध्यापक जेम्स लॉफ यांच्या खटपटीनें ता. १८ सप्टेंबर १९२६ रोजीं 'रिंडॅम' नांवाचें जहाज न्यूयॉर्कसमोरील होबोकेन बंदरांतून निघालें. त्यावर सुमारें पांचशें माणसें होतीं. त्यांत बहुसंख्य तरुण विद्यार्थी, थोड्या विद्यार्थिनी, आणि शिकण्याची हौस असलेलीं कांहीं प्रौढ माणसें. हवाना, पनामा, होनोलुलु, जपान, चीन, मनिला, सयाम, जावा, कोलंबो असें करीत जहाज मुंबईस लागलें. पुढें सुएझवरून भूमध्य समुद्रांत शिरलें, आणि ता. २ मे १९२७ रोजीं स्वदेशीं परतलें. या साडेसात महिन्यांसाठीं माणशीं निदान अडीच हजार डॉलर भरावे लागले. सामान्य अमेरिकन कामगाराच्या त्या काळच्या वर्षाच्या मजुरीहून ही रक्कम बरीच मोठी होती. म्हणजे पात्रतेची पहिली परीक्षा बुद्धीची नसून थैलीची होती, असें म्हटल्यास तें अन्यायाचें होणार नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. जहाज निघण्यापूर्वींच न्यूयॉर्क विद्यापीठानें या उपक्रमास दिलेला आपला आश्रय काढून घेतला. सफर झाली, व्याख्यानें झालीं, परीक्षाहि झाल्या. परंतु त्या अभ्यासाचें श्रेय मानावें कीं न मानावें, हें ज्याच्या त्याच्या महाविद्यालयाच्या मर्जीवर राहिलें. विद्या डोक्यांत राहते हें खरें. पण पदवीच्या हिशेबांत शिक्का लागतो.

सन १९६३ मध्यें हीच कल्पना कॅलिफोर्नियांत पुन्हां उभी राहिली. तिच्यासाठीं हाँगकाँगचे जहाजमालक सी. वाय. तुंग यांनीं 'क्वीन एलिझाबेथ' हें प्रचंड जहाज विकत घेतलें. परंतु विद्यापीठाचें रूप देण्याचें काम चालू असतांच १९७२ च्या जानेवारींत तें हाँगकाँगच्या बंदरांत जळालें. तरी उपक्रम मेला नाहीं. दुसऱ्या जहाजावर तो चालू राहिला, आणि 'सेमिस्टर अॅट सी' या नांवानें तो आजहि चालतो. कोलोरॅडो, पिट्सबर्ग, व्हर्जिनिया अशा विद्यापीठांनीं पाळीपाळीनें त्याचें पालकत्व केलें. २०१६ पासून तें कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीकडे आहे. रिंडॅमच्या अनुभवानें शिकविलेला धडा येथें उपयोगीं पडला : जहाज कोणाचेंहि असो, श्रेयपत्रावर मान्य विद्यापीठाची मोहर पाहिजे.

आतां पात्रतेकडे वळावें. अशा सफरीसाठीं विद्यार्थी एखाद्या मान्य महाविद्यालयांत दाखल असावा लागतो, निदान एक सत्र त्यानें पुरें केलेलें असावें लागतें, गुणांची ठराविक सरासरी राखावी लागते, आणि वर्तणुकीविषयीं त्याच्या संस्थेची तक्रार नसावी लागते. पारपत्र, निरनिराळ्या देशांचे प्रवेशपरवाने आणि प्रकृतीचा दाखला हे ओघानेंच आले. परंतु पदवीधरानें एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. सुमारें शंभर दिवसांच्या या सत्रांतील बहुतेक अभ्यासक्रम पदवीपूर्व दर्जाचे असतात. बी. ए. झालेल्यास त्यांतून जगाचें दर्शन घडेल, एम. ए. ची पायरी चढल्याचें श्रेय मिळेलच असें नाहीं.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीं स्वतंत्र सोय करण्याचा एक धाडसी प्रयत्न २००७ सालीं झाला. 'द स्कॉलर शिप' या नांवाच्या त्या उपक्रमांत पदवीपूर्व आणि पदव्युत्तर असे दोन्ही वर्ग होते, व सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठानें शैक्षणिक जबाबदारी पत्करली होती. पहिली सफर ग्रीसमधील पिरीअस बंदरांतून निघाली. दुसरीहि पार पडली. परंतु २००८ सालीं मुख्य भांडवलदारानें हात आंखडतांच पुढची सफर रद्द झाली. विद्वत्ता अपुरी पडली म्हणून नव्हे, तर पैसा आटला म्हणून ही शाळा बुडाली. महिनोन् महिने जहाज चालविणें म्हणजे इंधन, खलाशी, बंदरपट्टी आणि विमा यांचा अखंड खर्च. खोल्या रिकाम्या राहिल्या तरी तो कमी होत नाहीं.

त्यामुळेंच विद्यार्थ्यांवर पडणारा भारहि मोठा असतो. आज अशा एका सत्रास सुमारें तीस हजार डॉलर किंवा त्याहून अधिक लागतात. त्यांत शिक्षणशुल्क, खोली व जेवण येतें. घरापासून बंदरापर्यंतचें भाडें, परवाने, लसी, पुस्तकें, किनाऱ्यावरील सहली आणि हातखर्च बहुधा वेगळा धरावा लागतो. सर्वांत स्वस्त खोली आंतल्या बाजूची, खिडकी नसलेली असते; समुद्र पाहण्याचेंहि मोल द्यावें लागतें! शिष्यवृत्त्या असतात, परंतु त्या बहुधा खर्चाचा कांहीं भागच उचलतात.

याउलट जहाजावरील पदव्युत्तर अभ्यासाचा दुसरा एक मार्ग आहे, आणि तेथें हिशेबच उलटा आहे. तो म्हणजे समुद्रविज्ञानाचा. गोव्यांत दोना पावल येथें १९६६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिचें 'सिंधु साधना' हें संशोधनजहाज २०१४ पासून काम करीत आहे. अमेरिकेंतील वुड्स होल येथील संस्था व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९६८ पासून मिळून डॉक्टरेटचा अभ्यासक्रम चालवितात. येथें पात्रता म्हणजे विज्ञानांतील भक्कम पदवी, मार्गदर्शकानें मान्य केलेला संशोधनाचा विषय, आणि रात्रीबेरात्रीं पाळीवर उभें राहण्याची शरीराची तयारी. पाण्याची क्षारता मोजणें, तळाचा गाळ उपसून काढणें, त्याच्या थरांची नोंद ठेवणें, हीं कामें सहलीचीं नव्हेत. परंतु जहाजाचा खर्च संस्थेच्या किंवा संशोधनाच्या अनुदानांतून भागतो, आणि विद्यार्थ्यास बहुधा भाड्याऐवजीं विद्यावेतन मिळतें.

तेव्हां ज्या घरीं असा बेत चालला असेल, तेथें पैसे भरण्यापूर्वीं चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्या. श्रेय कोणतें विद्यापीठ देतें? तें पदव्युत्तर दर्जाचें आहे काय? स्वतःचें विद्यापीठ तें मान्य करील काय? आणि सफर रद्द झाल्यास भरलेली रक्कम परत मिळेल काय? या चारांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर खर्चाचा विचार घरच्या ऐपतीप्रमाणें करावा. न मिळालीं, तर तो जलप्रवास आनंदाचा असेल, उद्बोधकहि असेल. मात्र त्याला शिक्षण म्हणून कर्ज काढूं नये. आनंदीबाईंची बोट शाळा नव्हती. पण आपण कशासाठीं चाललों आहों, हें त्यांना पक्कें ठाऊक होतें.